अडकलेला ‘य’

निवृत्ती थोरबोले, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, रोज सकाळी साडेआठला घराला कुलूप लावायचे आणि लावता लावता आत तोंड करून म्हणायचे, “येतो गं.” आत कोणी नसायचं. बायको सुलभा जाऊन सतरा वर्षं झाली होती, मुलगी ओवी घर सोडून गेली त्याला नऊ. पण घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे आईनं लहानपणी टाळक्यात टपली मारून शिकवलेलं. ‘जातो’ म्हणून निघालेला माणूस परतत नाही म्हणे. आणि ‘येतो’ म्हटलं की आतून कोणीतरी ‘या’ म्हणायचं असतं. ते म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. अण्णा क्षणभर थांबायचे, कुलूप ओढून बघायचे आणि जिना उतरायचे.

आडनाव थोरबोले आणि नोकरी एसटी स्टँडवर गाड्या पुकारायची. नशिबालाही कधी कधी थट्टा सुचते. कराडच्या स्टँडवर एकतीस वर्षं अण्णा नियंत्रकाच्या खिडकीत बसले. “पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे,” असं त्यांनी म्हटलं की बाकावर डुलक्या घेणारी माणसंसुद्धा पिशव्या उचलून उभी राहायची. चार वर्षांपूर्वी नोकरी संपली त्या दिवशी डेपोत सगळ्यांनी एकच विनोद केला, “निवृत्ती निवृत्त झाला!” अण्णांनी तो हसून घेतला. मग विजेवरच्या गाड्या आल्या, आणि खिडकीत माणसाच्या जागी यंत्राचा आवाज आला. बाईचा, गोड, कधी न खोकणारा. अण्णा तरीही रोज स्टँडवर जाऊन बसायचे आणि तिच्या चुका शोधायचे. चुका सापडायच्या नाहीत, हे खरं दुखणं होतं.

असा खणखणीत बोलणारा बाप, आणि पोरगी अडखळत बोलणारी. ओवीचा शब्द पहिल्याच अक्षरावर अडायचा. ओठ ताणलेले, मान ताठ, डोळे मिटलेले, आणि शब्द काही केल्या बाहेर यायचा नाही. एकोणीस वर्षांची झाली आणि एक दिवस पाठीला पिशवी लावून घराबाहेर पडली. ती अधूनमधून बेळगावच्या मावशीला फोन करते, एवढंच अण्णांना ठाऊक होतं. कुठं असते, काय करते, हे त्यांनी मावशीला विचारलं नव्हतं. का विचारायचं? भावकीत, शेजारात, चहाच्या गाड्यावर कोणीही चौकशी केली की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

“अहो, माझी पोरगी ‘येते’ म्हणून नाही गेली. दारात उभी राहून माझ्या तोंडावर ‘जाते’ म्हणाली. आता जी ‘जाते’ म्हणाली तिची वाट कशाला बघायची?”

लोक च् च् करायचे. अण्णा वाट मात्र रोज बघायचे.

कोल्हापूर नाक्याजवळ ‘बोलघर’ नावाचं एक केंद्र निघालं होतं. अडखळणाऱ्या मुलांसाठी. त्याच्या भिंतीवरचा कागद अण्णांनी एका दुपारी वाचला. ‘पालकांनो, तुमच्या मुलाची आणि तुमची गोष्ट आम्हांला सांगा. तुम्ही दोघं कसे सावरलात, काय शिकलात, ते खरं खरं सांगा. आम्ही ती हलत्या चित्रांत उतरवू आणि इतर आई-बापांना दाखवू.’ खाली बारीक अक्षरांत नियम होते. त्यातला चौथा असा, की गोष्टीतलं मूल आता मोठं झालं असेल तर चित्रफीत आधी त्याला पाठवली जाईल. ती पूर्ण पाहून त्यानं होकार कळवला तरच ती दाखवली जाईल.

अण्णांनी तो नियम तीनदा वाचला. ओवीचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. असता तरी मानी माणूस फोन थोडाच करणार! पण केंद्र मावशीकडून नंबर काढील, आणि ओवीला पूर्ण बघावंच लागेल. नऊ वर्षांनी लेक दहा मिनिटं आपल्याकडे बघेल. तेवढ्यासाठी अण्णा आत गेले.

तिथं तस्लीम मुल्ला नावाची तिशीतली बाई होती. चित्रफितींचं काम तीच बघायची. तिनं अण्णांना खुर्ची दिली आणि एक रबरी पट्टी दाखवली. दोन बोटं रुंद, आतल्या बाजूला बारीक बारीक चकत्या.

“ही कंठपट्टी, काका. गळ्याला बांधायची. गार लागेल थोडी.”

“करते काय ही?”

तस्लीमनं सांगितलं ते असं. पट्टी मुळात निघाली ती घशाच्या कर्करोगात आवाज गेलेल्या लोकांसाठी. माणसानं बोलायचा नुसता विचार केला तरी गळ्याचे, जबड्याचे, जिभेच्या मुळाचे स्नायू किंचित हलतात. आरशात दिसणार नाही इतके किंचित; पण त्यांच्यातून जी वीज फिरते ती मोजता येते. पट्टी ती वीज टिपायची, यंत्र तिचे शब्द बनवायचं, आणि मुका झालेला माणूस पुन्हा घरच्यांशी बोलायचा. पुढं कोणाच्या तरी लक्षात आलं, की माणूस गप्प बसून जुनं काही आठवत असला तरी त्याचा गळा आतल्या आत पुटपुटत असतो. तो स्वतःचं बोलणं तर पुटपुटतोच, पण ऐकलेलंही पुटपुटतो. आपण एखाद्याचं जिवाचा कान करून ऐकतो तेव्हा त्याचा शब्द आपला गळा चोरून म्हणून बघतो. आणि मग तो शब्द तिथं राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं.

“आम्हांला चित्रांसाठी ते सोन्यासारखं,” तस्लीम म्हणाली. “चित्रातलं माणूस बोलायला लागलं की त्याचे ओठ कसे हलवायचे हीच पंचाईत असते. आता ओठ आम्ही काढत नाही, तुमचा गळा काढतो.”

या पट्टीनं बाहेर थोडा गोंधळही घातला होता, बरं का. एका लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी नवऱ्या मुलाला पट्टी लावायची अट घातली आणि बैठक पोहे संपायच्या आत मोडली. सासवा-सुनांनी एकमेकींना आव्हानं दिली. शेवटी कायदा झाला. माणसाच्या मर्जीशिवाय पट्टी बांधायची नाही, आणि कोर्टात तिची साक्ष चालायची नाही. कारण गळा जे सांगतो ते आठवलेलं असतं. घडलेलं तसंच असेल याची हमी तो देत नाही.

अण्णांनी पट्टी बांधून घेतली. खाकरले. आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं, शब्द मोजून मापून, आपली गोष्ट सांगितली.

सुलभा गेली तेव्हा ओवी अकरा वर्षांची होती. बाई नाही घरात, ड्युटी पाळ्यांची, आणि पोरीची जीभ ही अशी. पण अण्णांनी हार मानली नाही. रोज संध्याकाळी ते तिच्याकडून स्टँडचं वेळापत्रक मोठ्यानं वाचून घ्यायचे. सातारा, सहा पंधरा. उंब्रज, सहा चाळीस. शब्द अडला की ते पुढून द्यायचे. “गाडी बंद पडली की धक्का मारावाच लागतो, काय ओ?” ते तस्लीमला म्हणाले. दुकानात, शाळेत, पाहुण्यांत, सगळीकडे ते तिच्या पाठीशी उभे राहिले. कृषी महाविद्यालयात मुलाखत होती तेव्हासुद्धा. बाहेर थांबा म्हणाले होते, पण आत तिला नाव विचारलं आणि ती ‘ओ... ओ...’ वर अडली, तेव्हा अण्णांनीच दारातून डोकं घालून खणखणीत सांगितलं, “ओवी निवृत्ती थोरबोले!” पोरीनं त्याचा राग धरला. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी पिशवी भरली आणि दारात उभी राहून ‘जाते’ म्हणाली.

“मला लागलं. फार लागलं. पण हळूहळू मी शिकलो,” अण्णा शेवटाला आले. “मुलं आपली नसतात. मी मन मोठं केलं आणि तिला माफ केलं.”

हे वाक्य त्यांनी आदल्या दिवशी घरी घोकून ठेवलं होतं. तस्लीमनं मान डोलावली.

“छान. आता पंधरा मिनिटं गप्प बसायचं, काका. जे सांगितलंत तेच नुसतं आठवायचं. डोळे मिटून.”

अण्णांनी डोळे मिटले. खोलीत पंखा फिरत होता. गळ्यापाशी पट्टी गार होती, मग ती कोमट झाली. गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. म्हणजे गप्प तर ते रोजच असत, घरी बोलायला होतं कोण? पण कोणाच्या तरी समोर गप्प बसायची सवय नव्हती. पंधरा मिनिटांनी तस्लीमनं पट्टी सोडली तेव्हा त्यांचा घसा दिवसभर पुकारा केल्यागत दुखत होता.

आठ दिवसांनी त्यांना चित्रफीत बघायला बोलावलं. पडद्यावर काळ्या रेघांचं घर आलं, आणि घरात दोन वेण्यांची एक मुलगी. रेघा साध्या, पण अण्णांनी लगेच ओळखली. तशीच बसायची ती, एक पाय दुमडून. समोर मिशीवाला बाप, हातात वेळापत्रक. मुलीचे ओठ ‘स’ वर यायचे, दात दिसायचे, मान ताठ व्हायची, आणि शब्द बापाच्या तोंडातून निघायचा. ‘सातारा.’ पुन्हा ओठ, पुन्हा बाप. ‘उंब्रज.’ दुकान आलं. मुलगी ‘क’ वर अडली. बाप म्हणाला, ‘कंगवा.’ दुकानदारानं कंगवा दिला, मुलीनं घेतला. मुलाखत आली. पडद्यावरची मुलगी अख्ख्या चित्रफितीत एकही शब्द पुरा करत नव्हती.

मग दार आलं. मुलगी उंबऱ्यापाशी, एक चप्पल पायात, एक हातात. बाप खुर्चीत, पुढ्यात वर्तमानपत्र. मुलीनं वळून बघितलं. तिचे ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले आणि तसेच राहिले. खोलीत आवाज नव्हता. अण्णांना वाटलं यंत्र अडकलं. अकरा सेकंद ते ओठ तसेच ताणलेले होते. मग वर्तमानपत्र खाली आलं आणि ‘जाते’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला. ज्या तोंडातून तो बाहेर पडला त्या तोंडावर मिशी होती.

“‘जाते.’ म्हण, ‘जाते.’ सरळ म्हण आणि जा,” पडद्यावरचा बाप म्हणाला.

मुलीनं दुसरी चप्पल घातली. ओठ मिटले. गेली.

“चुकलंय हे!” अण्णा उभे राहिले. “यंत्र चुकलंय तुमचं. ती म्हणाली ‘जाते’. ती! मी कशाला म्हणू? मी सांगितलंय तुम्हांला स्पष्ट!”

“तोंडानं तसं सांगितलंत, काका,” तस्लीम शांतपणे म्हणाली. “गळ्यानं हे सांगितलं.”

“‘ज’ आणि ‘य’ मधला फरक कळत नाही तुमच्या यंत्राला?”

“‘जा’ म्हणताना जबडा खाली पडतो. ‘ये’ म्हणताना ओठ रुंदावतात, जीभ वर जाते. यात गल्लत होत नाही. आणि अडकलेला शब्द तर लगेच ओळखू येतो. स्नायू ताणून धरलेला आणि वारा बंद.” ती थोडी थांबली. “गळाही चुकतो, मी नाही म्हणत नाही. तुम्हीच सांगा काय ते. तिथं तुम्ही होता.”

तिथं अण्णा होते. वर्तमानपत्राची घडी, पोरीच्या हातातली निळी चप्पल, सगळं होतं. आणि तो ‘य्’, तोही होता. तो ऐकला होता त्यांनी. ती भांडून निघाली होती, पण निघताना रीत मोडत नव्हती. ‘येते’ म्हणत होती. अण्णांनी तिचे सगळे शब्द पुरे केले होते, तसा हाही केला. रागात केला, चुकीचा केला, आणि नऊ वर्षं तिच्या नावावर खपवला. हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं आणि ते खाली बसले.

“एक सांगू?” तस्लीम म्हणाली. “हिचा अडकलेला ‘य’ तुमच्या गळ्यात नऊ वर्षं तसाच आहे. ज्याला काही वाटत नाही त्याच्या गळ्यात असं काही उरत नाही, काका.”

माणूस एवढ्यानं सुधारला असता तर काय पाहिजे होतं! अण्णांना लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांचा आवाज चढायचा.

“आम्हांला जे सांगायचं ते आम्ही सांगितलंय. तसंच काढा चित्र.”

तशी सोय होती. सांगणाऱ्याला हवी ती प्रत निवडता यायची, तोंडची किंवा गळ्याची. तस्लीमनं ते सांगितलं आणि कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. “तुमची मर्जी. तोंडची प्रत करून ठेवते. परवा सही करायला या.”

ते दोन दिवस अण्णा स्टँडवर गेले नाहीत. घरात बसून राहिले. तोंडची प्रत पाठवली तर काय होईल, हे त्यांना कळत होतं. ओवी बघेल. जे तोंड ‘जाते’ म्हणालंच नाही त्या तोंडातून ‘जाते’ निघताना बघेल, आणि मग खरंच कायमची जाईल. आणि गळ्याची पाठवली तर? तर आपल्या बापाला सगळं माहीत होतं आणि तरी तो गावभर खोटं सांगत हिंडला, हे तिला कळेल. इकडे आड, तिकडे विहीर. मनातल्या मनात त्यांनी तोंडची प्रत पक्की केली. निदान तीत मिशीवाला बाप मोठ्या मनाचा दिसत होता.

परवाच्या दिवशी ते बोलघराच्या ओसरीत बाकावर बसले होते. सहीसाठी खिशाचं पेन काढून हातात धरलेलं. शेजारी सहा-सात वर्षांची एक मुलगी येऊन बसली. तिची आई आत कागद भरत होती. मुलगी अण्णांकडे बघून म्हणाली, “आजोबा, प... प्... प्...”

ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले. अण्णांना ते बघवेना. मदतीचा हात आपोआप पुढं झाला.

“पेन? घे की, घे.”

मुलीनं पेनाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. मान हलवली आणि पेन घेतलं. अण्णांना बरं वाटलं. कागद असेल कुठंतरी तिच्याकडे, चित्रबित्र काढील. मुलगी पेन मुठीत धरून गप्प बसून राहिली. पाच-सात मिनिटांनी आई बाहेर आली, तशी मुलीनं पळत जाऊन आईच्या पिशवीतली बाटली ओढून काढली आणि घटाघटा पाणी प्यायली. अंगावर सांडेपर्यंत प्यायली. मग परत येऊन पेन अण्णांच्या हातात ठेवलं.

“पाणी पाहिजे होतं होय गं बाळा तुला?” अण्णा म्हणाले.

मुलीनं मान हलवली. तिचं काही म्हणणं नव्हतं. तिला सवय होती.

आणि अण्णांना कंगवे आठवले. ओवीच्या कपाटात चार कंगवे होते. दुकानात गेलं की ‘क... क...’, आणि अण्णा म्हणायचे कंगवा. चार वेळा. प्रत्येक वेळी तिनं तो मुकाट्यानं घेतला. ती गेल्यावर कपाट आवरताना अण्णांना वाटलं होतं, काय ही पोर, चार-चार कंगवे कशाला लागतात हिला? तिला काय हवं होतं? कात्री? कापूस? वयात येणारी पोर, आई नसलेली, बापासमोर दुकानदाराकडे कापूस मागत होती काय? अण्णांनी तोंडावर उपरणं धरलं. त्या मुलीच्या आईनं विचारलं, “काका, बरं वाटत नाही का?” थोरबोले आडनावाचा माणूस नुसता हात हलवत राहिला.

आत जाऊन ते तस्लीमला म्हणाले, “गळ्याची पाठवा.”

“नक्की?”

“नक्की. आणि ते शेवटचं काढा. मी माफ केलं म्हणालो ते. माफ करणारा मी कोण?”

“पण मग शेवट राहत नाही, काका. इथं सगळ्या गोष्टींना शेवट असतो. मूल सावरतं, आई-बाप शहाणे होतात.”

“नसू दे. पोरगी गेली की कोरं ठेवा.”

तस्लीमनं लिहून घेतलं. मग माइक पुढं सरकवला. “तिच्यासाठी तुमच्या आवाजात दोन शब्द जोडायचे आहेत? जोडता येतात.”

अण्णांनी माइककडे बघितलं. एकतीस वर्षांचा सोबती तो. त्यांनी तो उलटा फिरवून ठेवला.

“नको. तिच्या मधे फार बोललोय मी.”

चित्रफीत गेली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. अण्णा पुन्हा स्टँडवर जायला लागले. फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात, आवाज मोठा केलेला. घरी आले की तो जेवणाच्या ताटाशेजारी. नऊ वर्षं जी वाट ते चोरून बघत होते ती आता उघड बघत होते, आणि उघड वाट बघणं जास्त जड जातं. बोलघराकडे त्यांनी एकदाच विचारलं. ओवीनं उघडून पाहिली आहे, उत्तर आलेलं नाही, एवढं कळलं. म्हणजे पाहिली. पाहून गप्प बसली. अण्णांनी मनाची समजूत घातली, की आपण पेरलं तेच उगवलं. समजूत पटली, पण त्यानं घर काही भरलं नाही. संध्याकाळी ते मोठ्यानं वेळापत्रक म्हणायचे, भिंतींना ऐकू जाईल असं.

तेविसाव्या दिवशी, भर दुपारी स्टँडवर फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“हॅलो, थोरबोले बोलतोय.”

पलीकडे काही नाही. अण्णा फोन ठेवणार होते. मग त्यांना तो श्वास ऐकू आला, आत घेतलेला आणि तिथंच थांबलेला. तो श्वास त्यांनी एकोणीस वर्षं ऐकला होता. ते बाकावर ताठ बसले.

“अ... अण्णा.”

अण्णांनी ओठ मिटून घेतले.

“मी प... प्... पाहिली. ती... तीनदा पाहिली.”

समोरून माणसं चालली होती, एक कंडक्टर ओरडत होता. अण्णांनी फोन कानावर दाबून धरला.

“अजून अड... अडखळते मी. बरी नाही झाले. प... पण आता डोळे मिटत नाही. वे... वेळ लागतो तेवढा घेते. इथं रो... रोपवाटिका आहे, तिथं असते. रोपांना घाई न... नसते.” ती हसली की काय, कळलं नाही. “चि... च्... चिपळूणला.”

चिपळूण! फलाट क्रमांक चार. “पाच वर्षं मी तुझ्या गावची गाडी पुकारत होतो गं,” हे वाक्य अण्णांच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं.

“त्यांना हो क... कळवते मी. दाखवू दे. पण चित्रात एक चू... चूक आहे.”

“कुठली?” अण्णांनी विचारलं. आवाज घोगरा निघाला.

“दोन वे... वेण्या. त्या दिवशी नव्हत्या. आदल्या दिवशी क... क्... कात्रीनं मीच का... कापले होते केस. पार मा... मानेपर्यंत. तुम्ही बघितलंच न... नव्हतं.”

अण्णांनी तिला जेवढं ऐकलं तेवढं गळ्यात राहिलं होतं. बघितलंच नव्हतं, तर यंत्र कुठून काढणार? त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

“ओवी,” ते इतकंच म्हणाले.

“अण्णा,” पलीकडून आवाज आला. “य... य्...”

आणि थांबला.

आता ती ‘येते’ म्हणणार. फोन ठेवायच्या आधी ‘येते’ म्हणणार, नऊ वर्षांपूर्वीचा शब्द पुरा करणार. अण्णांची जीभ वर उचलली गेली, ओठ रुंदावले. शब्द असा दातांशी येऊन उभा राहिला. धक्का मारायचा फक्त. त्यांनी दातांखाली जीभ धरली. पलीकडे श्वास थांबलेला. यंत्रातल्या बाईनं गोड आवाजात चिपळूणकडे जाणारी गाडी पुकारली, ती ओवीलाही ऐकू गेली असणार. माणसं उठली, पिशव्या उचलल्या. सेकंद किती गेले, कोण मोजतंय? अकरा तर केव्हाच होऊन गेले. ते थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या पोरीच्या शब्दासाठी थांबले.

“य्... या.”

अण्णांना आधी कळलंच नाही.

“या तु... तुम्ही. चिपळूणला. ए... एकदा या.”

‘येते’ नव्हतंच ते. धक्का मारला असता तर याही खेपेला चुकीचा शब्द तिच्या हातात ठेवला असता. आणि तिनं तो, सवयीप्रमाणे, मुकाट्यानं घेतला असता, ‘येते’ म्हणून फोन ठेवला असता.

“येतो,” अण्णा म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत गप्प बसून राहिले.